ब्रायंट, डेव्हिड

(२७ ऑक्टोबर १९३१ – ऑगस्ट २०२०). लॉन बोल्स या खेळातील विश्वविख्यात इंग्रज खेळाडू. पूर्ण नाव डेव्हिड जॉन ब्रायंट. जन्म इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील क्लीव्हडन या समुद्रकाठच्या लहान गावी. उघड्या मैदानावरील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या एकेरीत तीनदा (१९६६, १९८० व १९८८), बंदिस्त सभागृहातील जागतिक एकेरीत तीनदा (१९७९, १९८० व १९८१) आणि राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतील एकेरीत चार वेळा (१९६२, १९७०, १९७४ व १९७८) त्याने विजेतेपद मिळविले. मैदानावरचे पहिले जागतिक अजिंक्यपद त्याने वयाच्या ३४ व्या वर्षी मिळविले व शेवटचे ५६ व्या वर्षी. ही तिन्ही अजिंक्यपदे त्याला ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत मिळाली. मायदेशी त्यांपैकी एकही मिळाले नाही. ब्रिटनमधील ओलसर, जड हिरवळीवर ज्याचा हात बसला, त्याने दक्षिण गोलार्धातील कोरड्या व वेगवान हिरवळींवर जाऊन तेथील निष्णात खेळाडूंना हरवावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. ब्रायंटच्या कर्तृत्वाचे माप पदकांच्या संख्येपेक्षा तीतच अधिक नेमकेपणाने सापडते; मात्र ते ध्यानात येण्यासाठी या खेळाची जडणघडण थोडी जाणून घेतली पाहिजे.

भारतात लॉन बोल्स फारसा परिचित नाही. दिल्ली येथे २०१० मध्ये भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने त्यासाठी खास हिरवळ तयार करण्यात आली आणि बर्मिंगहॅम येथील २०२२ च्या स्पर्धांत भारताच्या महिला चौकडीने अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा १७–१० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले, तेव्हा या खेळाचे नाव वृत्तपत्रांतून सर्वत्र पोहोचले. वरवर पाहता हा खेळ अगदी सोपा वाटतो. सपाट राखलेल्या हिरवळीच्या एका पट्ट्यावर प्रथम ‘जॅक’ नावाचा लहान पांढरा वा पिवळा चेंडू घरंगळत सोडतात. मग प्रतिस्पर्धी आळीपाळीने आपापले मोठे गोळे त्या जॅकच्या जितके जवळ नेता येतील तितके जवळ नेण्याचा प्रयत्न करतात. एकेरी सामन्यात प्रत्येकाकडे चार गोळे असतात. सर्व गोळे टाकून झाल्यावर, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षाही जॅकच्या अधिक जवळ असलेल्या प्रत्येक गोळ्यास एक गुण मिळतो. अशा फेऱ्या चालू राहतात आणि जो आधी ठरावीक गुणसंख्या, परंपरेने २१, गाठतो तो विजयी होतो. जॅक स्थिर नसतो. गोळ्याचा धक्का लागून तो सरकू शकतो, किंबहुना तो मुद्दाम सरकविणे हा खेळातील एक प्रमुख डावपेच आहे. हिरवळीच्या टोकाशी असलेल्या चरात पडलेला गोळा बाद होतो. परंतु जाता जाता तो जॅकला स्पर्श करून गेला असेल तर चरात पडूनही जिवंत मानला जातो. अशा गोळ्यावर खडूची खूण करण्याची पद्धत आहे.

गोट्या खेळलेल्या कोणासही एवढे वर्णन ओळखीचे वाटेल. तथापि गोटी सरळ जाते आणि बोल्सचा गोळा सरळ जात नाही. या एका फरकामुळे सारा खेळ बदलतो. गोळ्याच्या दोन बाजू सारख्या गोलाईच्या नसतात. एका बाजूकडे तो किंचित झुकता घडविलेला असतो. या गुणास ‘बायस’ म्हणतात; मराठीत त्यास कल म्हणता येईल. पूर्वी गोळे लिग्नम व्हायटी या अतिशय कठीण व जड लाकडाचे करीत. पुढे कठीण रबराचे व नंतर संमिश्र प्लॅस्टिकचे गोळे रूढ झाले. काही काळ एका बाजूस शिसे भरून कल आणीत असत. पण आधुनिक गोळ्यांत वेगळे वजन घातलेले नसते, केवळ आकाराच्या विषमतेने कल येतो. गोळा वेगात असतो तोवर तो जवळजवळ सरळ धावतो. वेग मंदावू लागला, की फिरत्या भोवऱ्याप्रमाणे त्याचा अक्ष हळूहळू वळू लागतो आणि मार्ग आतल्या बाजूस वाकतो. थांबण्यापूर्वीच्या शेवटच्या काही मीटरांत तर हे वळण सर्वाधिक असते. म्हणून खेळाडू जॅकवर नेम धरीत नाही. जॅकच्या बरेच बाहेर, रिकाम्या हिरवळीवरील एखाद्या बिंदूकडे पाहून तो गोळा सोडतो आणि गोळा मोठा कंस घेऊन जॅककडे परत येईल असा हिशेब करतो. क्रिकेटमधील स्विंग गोलंदाजीशी तुलना सुचते. परंतु तेथे चेंडू वळला की कार्य संपते, येथे तो वळून नेमक्या जागी थांबलाही पाहिजे.

हा कंस किती रुंद पडेल, हे हिरवळीच्या वेगावर अवलंबून असते. हिरवळीचा वेग सेकंदांत मोजतात व तो मोजण्याची रीत नवख्याला चकविणारी आहे. सुमारे २७ मीटर अंतरावर जाऊन थांबणाऱ्या गोळ्याला सुटल्यापासून थांबेपर्यंत लागणारा काळ, हा त्या हिरवळीचा वेग होय. त्यामुळे आकडा मोठा तितकी हिरवळ वेगवान, असा उलटा वाटणारा प्रकार होतो. गुळगुळीत, कोरड्या जमिनीवर गोळ्यास रोध कमी असल्याने तो अगदी हलक्या हाताने सोडावा लागतो आणि दीर्घकाळ रेंगाळत जातो. जड, ओल्या हिरवळीवर त्याला जोराने ढकलावे लागते आणि तो लवकर थांबतो. इंग्लंडमधील हिरवळी साधारणतः १० ते १२ सेकंदांच्या असतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये १५ सेकंदांच्या पुढची हिरवळ सामान्य मानली जाते. पाच सेकंदांचा हा फरक वाचताना क्षुल्लक वाटेल. पण गोळा जितका वेळ चालतो तितका वेळ त्याचा कल काम करीत राहतो. इंग्लंडमध्ये जेथे हातभर बाहेर नेम धरला तरी चालतो, तेथे सिडनीस कित्येक मीटर बाहेर धरावा लागतो. दिशेतील किंवा जोरातील जी चूक जड हिरवळीवर गवत सांभाळून घेते, ती वेगवान हिरवळीवर वाढत जाऊन गोळा भलतीकडे नेते. आयुष्यभर एका प्रकारच्या जमिनीवर खेळलेला माणूस दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर उतरला, की त्याच्या स्नायूंना जे पाठ असते तेच त्याच्या आड येते. ब्रिटिश खेळाडूंचे दक्षिणेकडील दौरे या कारणाने दीर्घकाळ अवघड ठरत आले आहेत.

हा खेळ फार प्राचीन आहे. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन येथील जुनी हिरवळ तेराव्या शतकाच्या अखेरीपासूनची सांगतात. स्पॅनिश आरमार दृष्टिपथात आले असताना सर फ्रान्सिस ड्रेकने प्लिमथ येथे आपला बोल्सचा डाव आधी पुरा केला, ही कथा इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिच्या सत्यतेविषयी मात्र शंका घेतली जाते. आधुनिक नियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमध्ये तयार झाले. इंग्लिश बोलिंग असोसिएशन ही संस्था १९०३ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष प्रख्यात क्रिकेटपटू डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस हे होते. क्रिकेट सुटल्यावर वळावयाचा खेळ, अशी बोल्सची जी प्रतिमा इंग्लंडमध्ये रूढ झाली, तिला हा योगायोग पोषकच ठरला असावा. क्लबांतील बहुसंख्य सभासद उतारवयातले, सामने दुपारचे व सावकाश चालणारे. त्यामुळे विशीतिशीतल्या खेळाडूकडे कौतुकापेक्षा नवलाईनेच पाहिले जाई. पूल येथील पर्सी बेकर याने १९३२ ते १९५५ या काळात राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद चार वेळा मिळविले होते व तो विक्रम मोडला जाणे कठीण समजले जात होते.

ब्रायंटच्या घरी मात्र हा खेळ म्हातारपणची सोय म्हणून आलेला नव्हता. त्याचे वडील व आजोबा दोघेही क्लीव्हडनच्या क्लबात खेळत, आणि मुलगा लहानपणापासूनच हिरवळीच्या कडेला वाढला. शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेऊन त्याने १९७१ पर्यंत शाळेत अध्यापन केले. त्यानंतर तो क्रीडासाहित्याच्या व्यवसायात गेला. क्लीव्हडनच्या चौकडीतून १९५७ मध्ये त्याला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले, तेव्हा त्याला सव्विसावे वर्ष चालू होते. राष्ट्रीय एकेरी त्याने १९६० मध्ये प्रथम जिंकली. पुढे १९६६, सलग १९७१, १९७२ व १९७३, आणि १९७५ अशी आणखी पाच वेळा ती जिंकून त्याने बेकरचा विक्रम मागे टाकला. दुहेरी, तिहेरी व चौकडी या प्रकारांतील त्याची राष्ट्रीय विजेतेपदे वेगळीच. एखाद्या खेळाडूने चारही प्रकारांत राष्ट्रीय विजेता व्हावे, असे या खेळात फार थोड्यांच्या बाबतीत घडले आहे.

त्याची गोळा सोडण्याची शैली पाहताक्षणी ओळखू येई. बहुतेक खेळाडू चटईवर उभे राहून, थोडे वाकून गोळा सोडतात. ब्रायंट प्रथम चटईवर जवळजवळ उकिडवा बसे, तेथून हिरवळीच्या पातळीवर नजर नेऊन मार्ग पाही, मग अर्धवट उठून एक पाऊल पुढे टाकीत त्याच ओघात गोळा जमिनीवर ठेवल्यासारखा सोडी. दातांत बहुधा पाइप असे. या बैठकीत दिखाऊपणा नव्हता. प्रत्येक वेळी एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून व एकाच लयीत हालचाल सुरू व्हावी, म्हणजे चुकीला शिरावयास जागा कमी राहील, असा तिच्यामागचा हेतू दिसतो. हिरवळ बदलली की खेळाडूला दोनच गोष्टी बदलाव्या लागतात : नेम किती बाहेर धरावयाचा आणि हात किती हलका ठेवावयाचा. बाकीचे सर्व जितके स्थिर, तितके हे दोन बदल लवकर साधतात. ज्या खेळाडूच्या हालचालीत दर वेळी काहीतरी वेगळे घडत असते, त्याला गोळा चुकला तर दोष जमिनीचा की हाताचा हेच कळत नाही; ब्रायंटला पहिल्या दोन-चार गोळ्यांतच जमीन कळत असे. त्याच्या शैलीचे अनुकरण पुष्कळांनी केले, पण ज्यांचे गुडघे तिशीनंतर कुरकुरू लागले त्यांना ती लवकरच सोडावी लागली. त्याने स्वतः ती साठीपर्यंत टिकविली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

आंतरराष्ट्रीय यशाची सुरुवात ऑस्ट्रेलियातच झाली. पर्थ येथे १९६२ च्या अखेरीस भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत त्याने एकेरी व चौकडी अशी दोन सुवर्णपदके मिळविली. या यशाचे मूल्यमापन करताना एका वस्तुस्थितीची नोंद केली पाहिजे. त्यापूर्वीच्या, १९५८ च्या कार्डिफ येथील स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक दक्षिण आफ्रिकेच्या पिंकी डॅनिलोविट्झने मिळविले होते. दक्षिण आफ्रिका १९६१ मध्ये राष्ट्रकुलातून बाहेर पडली व वर्णभेदाचे धोरण संपुष्टात येईपर्यंत या स्पर्धांपासून दूर राहिली. बोल्समधील एक बलाढ्य देश असा ब्रायंटच्या एकेरीतील चारही राष्ट्रकुल सुवर्णपदकांच्या वेळी मैदानावर नव्हता. यामुळे त्याची पदके खोटी ठरत नाहीत; परंतु केवळ त्यांच्या आधारे त्याला सर्वश्रेष्ठ ठरविणे घाईचे होईल.

पुढील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा १९६६ मध्ये जमेकातील किंग्स्टन येथे झाल्या व त्यांतून बोल्स वगळण्यात आला. १९३० पासूनच्या इतिहासात हा खेळ त्या एकाच वेळी नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडनीजवळील काइमाग येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरविण्यात आली. स्पर्धा साखळी पद्धतीची होती. बाद पद्धतीत एखाद्या भाग्यवान दुपारी बलिष्ठ प्रतिस्पर्धी वाटेतून दूर होऊ शकतो. साखळीत प्रत्येकाशी खेळावे लागते व दिवसेंदिवस तोच दर्जा टिकवावा लागतो. दुहेरी व तिहेरी ऑस्ट्रेलियाने जिंकल्या, चौकडी न्यूझीलंडने. एकेरीचे अजिंक्यपद मात्र ब्रायंटने इंग्लंडला नेले. यजमानांच्या खास जमिनीवर, उरलेले सर्व काही त्यांच्याकडे व त्यांच्या शेजाऱ्यांकडे जात असताना, एकट्याने खेळावयाचा हा प्रकार एका इंग्रज शिक्षकाने जिंकावा, याचे तेथील प्रेक्षकांना आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही.

यानंतरची चौदा वर्षे त्याच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण म्हटली पाहिजेत, कारण त्या काळात तो एकाच वेळी अजिंक्य होता व नव्हताही. एडिंबरो (१९७०), क्राइस्टचर्च (१९७४) व एडमंटन (१९७८) या तिन्ही राष्ट्रकुल स्पर्धांतील एकेरी त्याने जिंकली. सलग तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच्याकडे होते. तथापि जागतिक अजिंक्यपद हातून गेले ते गेलेच. दुसरी जागतिक स्पर्धा १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये, वर्दिंग येथील बीच हाउस पार्कमध्ये झाली. गतविजेता, विद्यमान राष्ट्रीय विजेता आणि घरचे मैदान अशी सर्व अनुकूलता असताना विजेतेपद वेल्सच्या मॉल्डविन एव्हान्सने मिळविले. तिसरी स्पर्धा १९७६ मध्ये जोहॅनिसबर्ग येथे झाली. अन्यत्र बहिष्कार भोगणाऱ्या दक्षिण आफ्रिकेस या खेळात अद्याप वाव होता. तिने त्या स्पर्धेतील सर्वच्या सर्व प्रकार जिंकले व एकेरीत डग वॉटसन विजयी झाला. राष्ट्रकुल स्पर्धांत जी गैरहजेरी जाणवत होती, ती येथे भरून निघाली आणि ब्रायंटला तिचा पाडाव करता आला नाही.

वर्दिंगचे अपयश अधिक विचार करावयास लावते. घरच्या जमिनीवर घरचा खेळाडू जिंकतो, हा आपला सर्वसाधारण समज. बोल्समध्ये तो नेहमीच खरा ठरत नाही. जड हिरवळीवर कंस अरुंद असतो, गोळे जॅकच्या समोर दाटी करतात आणि सूक्ष्म हात असलेल्या व नसलेल्या खेळाडूंतील अंतर कमी होते. साधारण खेळाडूलाही तेथे चांगला दिवस येऊ शकतो. वेगवान हिरवळ मात्र निवड करते. तिच्यावर केवळ बळ वा सराव पुरत नाही. हाताचा हलकेपणा, वाऱ्याचा अंदाज व चूक लगेच सुधारण्याची बुद्धी यांची कसोटी लागते. ब्रायंटचे श्रेष्ठत्व त्याला परक्या जमिनीवर अधिक स्पष्टपणे दाखविता आले, याचे कारण बहुधा हेच असावे. मैदानावरील जागतिक व राष्ट्रकुल एकेरीत त्याने मिळविलेल्या सात विजेतेपदांपैकी पाच ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील, एक कॅनडातील व केवळ एक, एडिंबरोचे, ब्रिटनमधील आहे. हा योगायोग समजणे कठीण आहे.

मेलबर्नजवळील फ्रँकस्टन येथे १९८० च्या प्रारंभी झालेल्या चौथ्या जागतिक स्पर्धेस तो उतरला, तेव्हा त्याचे वय ४८ होते व पहिल्या अजिंक्यपदास तेरा वर्षे उलटली होती. ऑस्ट्रेलियाचा जॉन स्नेल हा त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी होता आणि जमीन त्याच्या घरची होती. ब्रायंटने स्नेलला दुसऱ्या स्थानावर ठेवून अजिंक्यपद परत मिळविले. त्याच्या सर्व विजयांत हा सर्वांत मोलाचा मानावा लागेल. १९६६ चा विजय तरुण वयातील होता. १९८८ च्या विजयात वयाचे कौतुक मिसळलेले आहे. १९८० चा विजय मात्र दोनदा हुकलेली गोष्ट, हुकण्याची सवय होऊ न देता, यजमानांच्या सर्वोत्तम खेळाडूकडून मिळविलेली आहे.

याच सुमारास बोल्सचे रूप बदलत होते. दूरचित्रवाणीला या खेळाचा शोध लागला. बी.बी.सी.ने १९७८ पासून वर्दिंग येथील निमंत्रितांच्या स्पर्धा दाखविण्यास सुरुवात केली आणि पाइप ओढणारा, उकिडवा बसणारा, कधीही आवाज न चढविणारा हा मध्यमवयीन गृहस्थ इंग्लंडमधील घराघरांत परिचित झाला. स्कॉटलंडमधील कोटब्रिज येथे १९७९ मध्ये पहिली जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा झाली. सभागृहात गवताच्या जागी गालिचा असतो. वारा, पाऊस, दव यांचा प्रश्न नसतो व पृष्ठभाग वेगवान आणि सर्वत्र सारखा असतो. अशा जागी ब्रायंटसारख्या खेळाडूस रोखणे कठीणच होते. पहिल्या तिन्ही स्पर्धा त्याने जिंकल्या : १९७९ मध्ये जिमी डॉनेली, १९८० मध्ये हाँगकाँगचा फिलिप चोक व १९८१ मध्ये वेल्सचा जॉन टॉमस हे त्याचे अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी होते. १९८० मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने उघड्यावरचे व बंदिस्त अशी दोन्ही जागतिक अजिंक्यपदे त्याच्याकडे होती.

पुढे त्याला टोनी ऑलकॉक हा जोडीदार मिळाला. ऑलकॉक त्याच्यापेक्षा सुमारे चोवीस वर्षांनी लहान. म्हणजे वयाने मुलासारखाच. दोघांनी मिळून १९८६, १९८७, १९८९, १९९०, १९९१ व १९९२ अशी सहा वेळा जागतिक इनडोअर दुहेरी जिंकली. दुहेरीत प्रत्येक फेरीत आधी खेळणारा पाया घालतो व नंतर खेळणारा कर्णधार परिस्थिती पाहून रचना टिकवितो किंवा मोडतो. एकाने दुसऱ्याच्या चुकीची भरपाई निमूटपणे करावयाची असते. दोन एकेरी विजेत्यांना हे सहसा जमत नाही. या दोघांना ते सहा वर्षे जमले. त्यातही १९८७ च्या एकेरीच्या अंतिम सामन्यात दोघे एकमेकांसमोर आले आणि ऑलकॉकने ज्येष्ठ जोडीदारास हरविले. तरीही जोडी तुटली नाही. शेवटच्या दुहेरी अजिंक्यपदाच्या वेळी ब्रायंटने साठी ओलांडली होती. त्याच वर्षी, वर्दिंग येथे, ऑलकॉकने मैदानावरील जागतिक एकेरीही जिंकली. ब्रायंटला जे मायदेशी साधले नव्हते ते त्याच्या जोडीदाराने साधले.

अ‍ॅबर्डीन येथील १९८४ च्या स्पर्धेत जागतिक एकेरी न्यूझीलंडच्या पीटर बेलिसकडे गेली होती. येथेही तोच उलटा न्याय दिसतो : ब्रिटनमध्ये न्यूझीलंडचा खेळाडू विजयी झाला आणि चार वर्षांनी, १९८८ मध्ये, न्यूझीलंडमधील ऑक्लंड येथे ब्रायंट. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच्यासमोर स्कॉटलंडचा विली वुड होता. वुड हा स्वतः १९८२ च्या ब्रिस्बेन राष्ट्रकुल स्पर्धांतील सुवर्णपदक विजेता व अ‍ॅबर्डीनचा उपविजेता. पुन्हा एकदा वुडला दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. ब्रायंट ५६ वर्षांचा होता. बोल्समध्ये धावावे लागत नाही, म्हणून वयाचा प्रश्न येत नाही, असे जे म्हटले जाते ते अर्धसत्य आहे. दीर्घ स्पर्धेत दिवसाला अनेक तास उभे राहणे, शेकडो वेळा वाकणे, हिरवळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सतत चालणे, आणि तीस मीटरांवरील जॅक व गोळा यांतील बोटभर अंतर डोळ्याने ओळखणे हे सर्व वयाबरोबर अवघड होत जाते. हात थरथरू लागला तर वेगवान हिरवळ ते प्रथम सांगते.

ब्रायंटच्या श्रेष्ठत्वाविषयी दोन आक्षेप घेता येण्यासारखे आहेत. एक, हा खेळ मुख्यतः पूर्वीच्या ब्रिटिश साम्राज्यातील देशांपुरता राहिला. ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत त्याला कधी स्थान मिळाले नाही व म्हणून ‘जागतिक’ हे विशेषण येथे मर्यादित अर्थानेच घ्यावे लागते. दुसरा, दक्षिण आफ्रिकेच्या अनुपस्थितीचा. तो वर येऊन गेला आहे. हे दोन्ही मान्य केले तरी, एकाच खेळाडूने लाकडी गोळ्यांपासून प्लॅस्टिकच्या गोळ्यांपर्यंत, क्लबाच्या शांत दुपारपासून दूरचित्रवाणीच्या दिव्यांपर्यंत, जड हिरवळीवर, वेगवान हिरवळीवर आणि गालिच्यावर तीन दशके अग्रस्थान राखल्याचे दुसरे उदाहरण या खेळात सापडत नाही. तरुण खेळाडूंना इंग्लंडच्या क्लबांची दारे अधिक मोकळी झाली, त्यालाही त्याचे उदाहरण बऱ्याच अंशी कारणीभूत झाले असे म्हणता येते. ऑलकॉक हा त्याच पिढीतला. पुढे इंग्लंडमधील या खेळाच्या मध्यवर्ती संघटनेची सूत्रेही ऑलकॉककडे आली.

खेळाचे तंत्र समजावून देणारी काही पुस्तके ब्रायंटने लिहिली; त्यांपैकी ब्रायंट ऑन बोल्स व बोल विथ ब्रायंट ही विशेष प्रसिद्ध आहेत. शिक्षकी पेशाची सवय या लेखनात उतरलेली दिसते. ब्रिटिश सरकारने त्याला १९६९ मध्ये एम.बी.ई. व १९८० मध्ये सी.बी.ई. हे किताब दिले. कीर्ती मिळाल्यावरही त्याने क्लीव्हडन सोडले नाही आणि तेथील क्लबाशी असलेला त्याचा संबंध अखेरपर्यंत कायम राहिला. वयाच्या ८८ व्या वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, त्याचे निधन झाले.